प्रेक्षणीय स्थळे : येथे लिहा

नगरपालिकेचा इसोबे सकाळच्या बोटीने आला,
बगलेत कोरा नकाशा,
बेटाची नुसती बाहेरची रेघ,
अर्धवट सोललेल्या बटाट्यासारखी.
"मित्सुए-सान, तुम्ही तिकीटखिडकीत बत्तीस वर्षं.
तोक्यो-क्योतो बघून लोक कंटाळलेत म्हणे,
त्यांना आता आपल्यासारखं काहीतरी हवंय.
खुणा करून द्या. शुक्रवारपर्यंत."

आपल्यासारखं म्हणजे कसं, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.
चहा पिऊन परतीच्या बोटीने गेला.

मी पेन्सिलीला टोक काढलं.
देऊळ लिहिलं, कारण देऊळ लिहावंच लागतं.
मग धक्क्यावरचं ते मोटर लावलेलं चक्र,
ज्यावर माकुलं वाळवतात.
गरगर फिरतात बिचारी,
जत्रेतल्या पाळण्यात बसल्यासारखी, पाय हवेत.
शाळा लिहावी का? शाळेत आता मुलं नाहीत.
शेवटच्या तिघांच्या चपलांचे खण आहेत, नावांसकट,
आणि कानामेबाई अजून दर सोमवारी येऊन
घड्याळाला किल्ली देतात.
लिहिली. पुढे कंसात : घड्याळ बरोबर आहे.
वळणावरचं बिनमाणसाचं भाजीचं दुकान :
एक फळी, चार मुळे, पैशांचा डबा.
गेल्या वर्षी हिशेबात सत्तर येन जास्त निघाले,
त्यावर गावात दोन बैठका झाल्या.

इथे पेन्सिल थांबली.

ऑक्टोबरात एक बाई चुकून उतरली होती.
मोठ्या बेटाची समजून आमच्या बोटीत चढलेली,
चाकांची बॅग, पांढरे बूट.
"इथे बघण्यासारखं काय आहे?"
"काही नाही," मी म्हणाले. खरं तेच सांगितलं.
वाऱ्यामुळे दुसऱ्या दिवशीची बोट रद्द, तिसऱ्याही.
चौथ्या दिवशी बोट आली,
आणि ती गेली नाही.
शिगेनोच्या माडीवर राहिली,
पाचच्या भोंग्याला आमच्यासारखीच
दोरीवरचे कपडे काढायला धावू लागली.
सहाव्या दिवशी खिडकीशी आली. तोंड उघडलं,
आवाज नाही.
एक बोट वर करून एक तिकीट मागितलं,
घशाला हात लावून हसली.

मी समजले.

उत्तरेच्या कड्याखाली एक चिंचोळी घळ आहे.
बायका तिथे जातात. कधी, कशाला,
कुणी कुणाला विचारत नाही.
लाटेच्या तोंडाशी उभं राहून ओरडायचं,
घरात बोलता येत नाही ते,
किंवा नुसतंच, शब्दांवाचून.
समुद्र तिथे एवढा गाजतो की
आपलं त्यात सहज खपून जातं.
सासू जायची. मी जायचे, दुसऱ्या वाटेने.
एकमेकींना पाहिलं नाही, असं
दोघींनी एकोणीस वर्षं पाळलं.
मुलगा जाळी विकून नागोयाला गेला त्या दिवशी
मी बादली घेऊन निघाले, शिंपल्यांना म्हणून.
रिकामी आणली. नवऱ्याने बादलीकडे पाहिलं,
आणि त्या रात्री भात त्याने लावला.

त्या बाईला कुणी सांगितलं नसणार.
सांगायचं नसतंच.
तिने तिची ती शोधली,
पांढऱ्या बुटांनी, त्या निसरड्या दगडांवरून.

शुक्रवारी इसोबे आला. नकाशा उजेडात धरला.
माकुलांना हसला, घड्याळाशी जरा थबकला.
"आणि हे उत्तरेला?"
तिथे मी तिकिटावरचा शिक्का मारला होता,
गोल, लाल, शाई जरा जास्तच लावून :
बोट, लाट आणि बेटाचं नाव.
"छान," तो म्हणाला, "अधिकृत वाटतं."
आणि घडी घालू लागला.

"थांब," मी म्हटलं,
"ओला आहे अजून."